सवतीची नळी झिजली

८ सप्टेंबर, सोमवार

टाकीला भोक पाडलं! पाण्याच्या टाकीला! आमच्या ह्यांनी!

पहाटे भुईमुगात डुकरं शिरली. हे नेहमीसारखे मळ्यातल्या राखणीच्या माळ्यावर, बंदूक मांडीवर. ठो! मी चुलीपाशी होते. म्हटलं, झालं, पळाली डुकरं. बाहेर येऊन बघते तर घराशेजारच्या काळ्या टाकीतून पिचकारी उडतेय. आणि डुकरं? बांधावर उभी राहून बघत होती! एक तर खाली बसलं होतं. बरं, बसलं नव्हतं. पण बघत होती हे खरं.

हे खाली उतरले. टाकीकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं, आणि म्हणाले, "नळी झिजली."

"डोळे झिजले," मी म्हटलं.

"दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलाय मी!"

"मग आता बंदुकीचा काढा."

भारत, आमचा मुलगा, बनियनवर धावत आला आणि भोकात बोट घालून उभा राहिला. एवढा द्राक्षाचा बागाईतदार, आणि टाकीत बोट! तसाच उभा राहून म्हणाला, "नाना, वेदिका रोज इथंच दात घासते." एवढंच. मग कोणी हसलं नाही. मी आत जाऊन हसले. पण नंतर बाहेर येऊन नात दात घासते ती जागा परत बघून आले.

९ सप्टेंबर

काल हे सगळं कुणाला तरी सांगावं म्हणून जीव नुसता उड्या मारत होता. शेजारी सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गिरणाऱ्याच्या बाजारात पोचलं असतं. म्हणून फोनला सांगितलं. नातीने, वेदिकाने शिकवलंय—माइकचं चित्र दाबायचं, बोलायचं, तो लिहितो. तारीखही तोच टाकतो. "आजी, हाय-नाय करू नको, जरा शुद्ध बोल, म्हणजे त्याला समजेल." म्हणून मी त्याच्याशी रेडिओवरच्या बाईसारखी बोलते!

मला अक्षर येत नाही. म्हणजे मी काय सांगितलं ते मला पण वाचता येत नाही. याच्याइतकी पक्की तिजोरी कुठे मिळायची?

तर बंदूक. ती माझी सवत आहे. सासऱ्यांनी घेतलेली, तीनशे पंधरा बोअरची, पिकाच्या राखणीच्या परवान्यावर. मी लग्न होऊन आले तेव्हा ती वर खुंटीवर होती आणि मी खाली पाटावर. दर अमावस्येला तिला तेल. दर दसऱ्याला तिला हार. मला हार लग्नात एकदा घातला, तोही भटजींनी आठवण केल्यावर. रात्री नवरा तिच्याबरोबर मळ्यात, मी इकडे मांजराबरोबर.

आणि आता तिची नळी झिजली! मला काल एक भाकरी जास्त गेली.

११ सप्टेंबर

घरात पंचायत बसली. परवान्याचं नूतनीकरण आलंय. भारतने कचेरीत विचारलं. ते म्हणाले, नानांचं वय बघता परवाना वारसाच्या नावावर करा, नाहीतर बंदूक जमा करा. आणि हत्यार बिघडलेलं असेल तर आधी नीट करून आणा.

भारत म्हणाला, "वारस मीच. माझ्या नावावर आली की नळीत बूच मारून हॉलमध्ये लावतो. द्राक्ष बघायला पाहुणे येतात, फोटो काढतील."

हे म्हणाले, "बूच मारायचं तर आधी माझ्या नाकात मार."

"नाना, टाकी होती म्हणून वाचलो आपण!"

"नळी झिजली म्हणून टाकी लागली! नळी नीट कर, मग बोल!"

मग दोघं माझ्याकडे वळले. "आई सांगेल तसं." "ही सांगंल तसं."

मी! या घरात कुठला बैल विकायचा हेसुद्धा मला कधी कोणी विचारलं नाही. पदर सारखा केला आणि म्हटलं, "दसऱ्याला सांगते."

१२ सप्टेंबर

ह्यांनी जिलबी आणली. न सांगता. गरम.

१३ सप्टेंबर

भारत म्हणाला, "आई, येवल्याला चाललोय, तुला पैठणी आणू का?" काठाला मोर सांगितले. दसरा अजून लांब आहे. काय मजा आहे!

१६ सप्टेंबर, मंगळवार

नाशकात गेलो, बंदुकीच्या मिस्त्रीकडे. धोंडीराम नाव. परवानेवालं दुकान. माणूस सारखी बडीशेप खातो आणि बोलताना दुसऱ्यालाही देतो, त्यामुळे कोणाला मध्ये बोलता येत नाही.

त्याने एक गोळी घेतली आणि तिचं टोक नळीच्या तोंडात धरलं. "काकू, ही अशी अर्ध्यात अडकायला पाहिजे." सोडली तर आत गडप! "बघा. आत वळणदार आटे असतात, झाकणाला असतात तसे. त्यांनी गोळी गिरकी घेते, म्हणून सरळ जाते. तुमचे तोंडाकडचे आटे गेलेत. मग गोळी बाहेर पडते ती झिंगूनच."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू कोर्टात जिंकले. "ऐकलंस? नळी!"

मी बडीशेप चावत बसले. हरले तर हरले.

मग मिस्त्रीने मागचा बोल्ट काढला, बॅटरी मारली, आणि बघतच राहिला. "नाना, हे कसं काय? मागचे आटे तर कोरे करकरीत! गोळ्या झाडून नळी झिजते ती मागून झिजते, आग तिथं लागते. ही तर पुढून झिजलीय. साफ कशी करता?"

ह्यांची छाती फुगली. "दर अमावस्येला. लोखंडी गज, त्याला काथ्या, विटकरीची भुकटी आन् खोबरेल. तोंडातून घालायचा आन् दम लागेस्तोवर घासायचं. वडलांनी शिकवलंय. नळी कशी घागरीवाणी लखलखली पायजे!"

मिस्त्रीने बडीशेपेची डबी खाली ठेवली. "नाना, ही गोळ्यांनी नाही झिजली. तुमच्या लाडाने झिजली. हिच्यातून गोळ्या गेल्यात कुठं? ही तर बसूनच म्हातारी झाली!"

बरं झालं, भारत बाहेर गाडी लावत होता.

मला पदर तोंडात कोंबावा लागला. ह्यांचा हरसूलच्या घाटातला तो रानडुकराचा किस्सा! सुरगाण्याच्या व्याह्यांना प्रत्येक लग्नात सांगितलेला—अंधारात, वाऱ्यावर, एका गोळीत! दर लग्नात डुक्कर थोडं मोठं व्हायचं. शेवटी शेवटी तर म्हशीएवढं झालं होतं.

हे छताकडे बघत होते. छतावर काही नव्हतं.

पण मग मला प्रश्न पडला. इतकी वर्षं मी रात्री ठो ठो ऐकतेय, ते काय होतं?

१७ सप्टेंबर

काल भारत आत आल्यावर मिस्त्रीने काय काय करता येईल ते सांगितलं. ऐकताना मला सारखा दातांचा डॉक्टर आठवत होता.

नवी नळी बसवता येते. सरकारी कारखान्याला अर्ज करायचा, मंजुरीची वाट बघायची, नंबर नवा, कागद नवे. हे म्हणाले, "मंग माझ्या बापाची त्यात राहिली काय? लाकूड?" नाहीतर जुन्या नळीच्या आत दुसरी पातळ नळी ठोकायची—वरून म्हातारी, आतून नवरी. ते मिस्त्री करत नाही. "आणि कुणी करतो म्हणाला तर देऊ नका. फुटली तर तुमच्याच गालात येईल." भोक मोठं करून मोठी गोळी वापरता येते, पण आपला परवाना त्या बोअरचा नाही. म्हणजे चप्पल होत नाही म्हणून पाय बदलायचा!

राहिलं कापणं. तोंडाकडची झिजलेली चार बोटं नळी कापून टाकायची आणि नवं तोंड घडवायचं. मागचे आटे चांगले आहेत म्हणून हे जमण्यासारखं आहे. "पण घरी करवत लावू नका हां नाना, सरळ आत जाल. परवानगी काढून मीच कापणार, आणि सरकारने ठरवलेल्या मापापेक्षा आखूड करून चालत नाही."

भारत म्हणाला, "आणि बूच?"

"बूच काय, चहा होईपर्यंत मारतो."

ह्यांनी चहा घेतला नाही.

१९ सप्टेंबर

दोन दिवस चिडवून घेतलं. दूधवाला आला, म्हटलं, "शिकारी आत बसलेत." मांजराने उंदीर पकडला, म्हटलं, "बघा, ही तरी." जेवताना उलट टोमणा नाही, पापड जळका म्हणून तक्रार नाही.

काल रात्री माळ्यावर गेलेच नाहीत. डुकरांनी भुईमुगाच्या ओळी उकरल्या.

चिडवण्यात राम राहिला नाही. समोरून चेंडू परत आला पाहिजे ना!

२० सप्टेंबर

अगं बाई! अगं बाई! अगं बाई!

ऊन पडलंय म्हणून ताडपत्रीवर उडीद घातला होता. उलटायला गेले. पलीकडे एक गोणपाट अंथरलेलं. वर केलं—सुतळी बॉम्ब! ओळीने मांडलेले! वाळवणात! जसे काही कुरडया!

मी तिथंच बसले. हसले. उठले, परत बघितलं, परत बसले. तिकडे वांगी करपली.

दर दिवाळीला हे पिशवीभर सुतळी बॉम्ब आणतात. "पोरांसाठी." पोरं फुलबाज्या उडवतात आणि बॉम्ब कुठे जातात ते मी कधी विचारलं नाही. माळ्यावर जात होते! तेच माझं रात्रीचं ठो ठो! डुकरं बॉम्बला पळत होती आणि गाव बंदुकीला सलाम करत होतं!

आणि आता टाकीचंही कळलं. या पावसात बॉम्ब सादळले. वात पेटेना, डुकरं हलेनात. तेव्हा कुठे बिचाऱ्याला खरीखुरी बंदूक झाडावी लागली!

हे मी कोणाला सांगू? कोणालाच नाही. फोन, तू ऐक. परत ऐक. सुतळी बॉम्ब!

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या

पानं वाढून झाली. कावळा शिवला. दुपारी हे ओट्यावर बसलेले. अमावस्या असून गज कोपऱ्यातच. मिस्त्रीने तो पुन्हा नळीत घालायचा नाही असं बजावलंय. आता मऊ फडक्याने नुसतं लाकूड पुसत होते. मी शेंगा घेऊन शेजारी बसले.

"का हो, उडदाला कीड लागू नये म्हणून बॉम्ब ठेवले का?"

फडकं थांबलं. मी शेंगा फोडत राहिले.

"हस," ते म्हणाले.

"कालच हसून घेतलं. करपलेली वांगी खाल्ली ना तुम्ही."

मग सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. मिसरूड फुटत होतं तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्याकडून पहिली गोळी झाडून घेतली. नेम बरोबर लागला. डुकरीण होती. "पिल्लं पळाली न्हाईत गं. तिथंच हुभी राह्यली. मला वाटलं, पळा ना, पळा. न्हाई पळाली." तेव्हापासून बंदूक खांद्याला लावली की डोळे आपोआप मिटतात. म्हणून बॉम्ब.

"मग नळी कशाला नीट करायची? बूच मारू द्या की. बॉम्ब आहेतच."

"बूच मारलेली मांडीवर घेऊन बसलो तर ते सोंग झालं, कुसे. चालणारी बंदूक जवळ असताना न्हाई झाडायची—ते माझं असतं. रोज रातच्याला मीच ठरवतो."

मी सोललेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले. असं क्वचित होतं, म्हणून इथं नोंदवून ठेवते.

२४ सप्टेंबर

पण भारतचंही खरं आहे. वेदिका दात घासते तिथं. मी रोज बघतेय, ती तोंडात फेस घेऊन फोनवर बोलत उभी असते.

ह्यांना म्हटलं, "डोळे मिटून परत झाडली तर मीच मिस्त्रीकडे नेऊन बूच मारेन. तुमच्या नाकात."

"शपथ," म्हणाले. आणि जेवताना, "पापड जळका हाय."

आला! चेंडू परत आला!

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी ट्रॅक्टरला झेंडूचा हार, फवारणीच्या पंपाला हार, कोयत्याला कुंकू. मधोमध ती. मी नवी पैठणी नेसले, काठाला मोर. भारत खूश, त्याला वाटलं काम झालं. हेही खूश, कारण मी सकाळी त्यांची जिलबीही खाल्ली होती.

आपटा वाटून झाल्यावर सांगितलं. "चार बोटं कापा. नवं तोंड करा. बूच नको."

भारतचा चेहरा पडला. "आई! आणि पैठणी?"

"छान आहे. मोर फार सुंदर निघालेत."

तो हसला, काय करतो! मग गंभीरपणे म्हणाला, "ठीक आहे, नीट करू. पण परवाना माझ्या नावावर आला की मी काय करायचं ते माझं मी ठरवणार. तेव्हा वाद नको."

तेही रास्त. वारसाला काय सांगणार! ह्यांनी मान हलवली आणि सोनं म्हणून माझ्या हातात आपट्याचं पान दिलं. म्हणजे चार बोटं कापून मी फक्त चार महिने मिळवले. जिंकल्यासारखं वाटेना.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हसू आवरत नाही, बोलू कशी! थांब, पाणी पिते.

वारसाचा अर्ज द्यायला कचेरीत गेलो. मला कशाला नेलं? हे म्हणाले, "चल, येताना मिसळ खाऊ." भारत नवा शर्ट घालून, फोटो, आधार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. कारकून बाईंनी विचारलं, "परवाना कुणाच्या नावावर करायचा?"

भारत पुढे सरकला. ह्यांनी काठी आडवी धरली.

"लिहा. कुसाबाई सावळीराम."

मी मागे वळून बघितलं, कुसाबाई कोण आली म्हणून!

"नाना!" भारत.

"बायको वारस नसते का वो, बाई?"

"असते की, वयही बसतंय," कारकून बाई म्हणाल्या. "आजी, बंदूक कशासाठी पाहिजे?"

मला कुठे काय पाहिजे होतं! पण तोंडातून आलं, "पिकाच्या राखणीसाठी. आणि हे मोकळ्या हाताने माळ्यावर जायचे नाहीत हो."

अंगठा लावला. शाई अजून गेली नाही.

भारत मिसळ खाताना एकदम हसायला लागला. म्हणाला, "मी पैठणी दिली, नानांनी बंदूकच दिली. हरलो!"

घरी आल्यावर विचारलं, का हो असं केलंत? चपला काढत म्हणाले, "भारत बूच मारून टाकील. तू माझं काय टाकलेलं म्या पाह्यलं न्हाई."

२८ नोव्हेंबर

ती आली. नाक आखूड, तोंड चकचकीत. मिस्त्रीने मऊ दोरी आणि ब्रश दिलाय, मागून ओढायचा. ह्यांना वेगळं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. हे "हो हो" म्हणाले. विटकरीची भुकटी मी कालच उकिरड्यावर फेकली.

१० डिसेंबर

प्रशिक्षण असतं म्हणे, परवान्यासाठी! मैदानावर नेलं. कशी उघडायची, कशी रिकामी आहे ते बघायचं, कुठे तोंड करायचं नाही. शेवटी एक गोळी झाडायला लावली. शिकवणारे साहेब म्हणाले, "आजी, घाबरू नका."

ठो! खांद्याला धक्का बसला, फळीला भोक पडलं. फळीलाच! मागे बघितलं तर ह्यांनी डोळे मिटले होते. माझे उघडे होते.

प्रमाणपत्र मिळालं. जन्मात पहिलं. वेदिकाने वाचून दाखवलं, दोनदा.

१९ जानेवारी, सोमवार

परवाना आला. हवालदारांनी बजावून सांगितलं, "आजी, आता बंदूक तुमच्याच ताब्यात. दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, नवऱ्याच्या पण नाही. ती राखणीला गेली तर तुम्ही तिच्यासोबत."

हरभरा घाट्यावर आलाय. दिवस मावळायच्या आत शिडी चढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे खाली शिडी धरून, मग मागून कण्हत वर आले, अंगावर घोंगडी, पिशवीत बॉम्ब. उजवीकडे त्यांची जागा, लाकूड गुळगुळीत झालेलं. तिथं मी बसलेली.

"मंग म्या कुठं?" म्हणाले.

"डाव्या अंगाला सरका," म्हटलं. "आणि काडेपेटी इकडे द्या."

आता बोलणं बंद करते. डुकरं ऐकतील.